ऊंजलाची फळी

आमच्या घरातून निघताना कुणी "जाते" म्हणायचं नसतं, "जाऊन येते" म्हणायचं. मी तंजावूरहून पुण्याला निघाले त्या दिवशी गडबडीत माझ्या तोंडून "जाते हं" निसटलं आणि अप्पांनी मला दारातून परत आत बोलावलं. कूडमात, म्हणजे आमच्या मधल्या बैठकीत, ऊंजल होता. ऊंजल म्हणजे तुळईला साखळ्यांनी टांगलेला झोपाळा. त्यावर त्यांनी मला बसवलं, अम्माने परत कुंकू लावलं, परत दूध दिलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि श्रीधर, माझा नवीन नवरा, सासऱ्यांसमोर घड्याळ बघायचं की नाही या पेचात उभा होता. "आतां नीट सांग," अप्पा म्हणाले. "जाऊन येतें," मी म्हटलं आणि उठले. उंबरा ओलांडताना मागे वळून पाहिलं तेव्हा रिकामा ऊंजल अजून हलत होता.

नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. नवे कारखाने निघत होते, जुन्यांना नवे पंख फुटत होते, आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून दर वर्षी कुणी ना कुणी मद्रासला, बंगळूरला, परदेशात जात होतं. श्रीधरला पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना याची फार गंमत वाटली. "तीनशे वर्षांमागं आपले पूर्वज तिकडनं आले, ही पोरगी परत चालली," असं ज्याला त्याला सांगत होते. पुण्याने मात्र आम्हाला ओळख दिली नाही. मी माझ्या मते शुद्ध मराठीत वांगी मागितली तर भाजीवाल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "साउथच्या असून किती छान बोलता हो!" त्या दिवशी मी घरी येऊन रडले होते, आता सांगताना हसू येतं. हळूहळू मी "कोठें"चं "कुठे" केलं, "नाहीं"तला अनुनासिक टाकून दिला. अम्माशी फोनवर बोलतानाच तो परत यायचा.

ऊंजलाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या ऊंजलाची फळी एका सागाच्या झाडातून निघालेली होती. लांबरुंद आणि कुठेही सांधा नाही. अम्माला तिच्या माहेरच्या दागिन्यांचा नव्हता इतका या बिनसांध्याच्या फळीचा अभिमान. पाहुणे आले की ती पदराने फळी पुसायची आणि म्हणायची, "बघा, एकच झाड." ती फळी म्हणजे तिची जागा होती. सकाळची कॉफी ती तिथे प्यायची, शेंगा तिथे सोलायची, आम्हाला रागवायचीसुद्धा तिथूनच. उजव्या पायाचा अंगठा जमिनीला टेकवून हलकासा रेटा द्यायची आणि झोपाळा पुढे-मागे चालू राहायचा. तिचा राग चढला की झोपाळ्याचा वेग वाढायचा, त्यामुळे कुठल्या वेळी पैसे मागू नयेत हे मला आणि माझा धाकटा भाऊ रघु याला लांबूनच समजायचं. अंगठा टेकायचा तिथला लाल कोब्याचा रंग उडून फिकट टिकलीएवढा डाग पडला होता.

लग्नात आमच्यात नवरा-नवरीला ऊंजलावर बसवतात. घरातल्या वडीलधाऱ्या बायका हाताला धरून नेतात, बसवतात, ओवाळतात, गाणी म्हणत झोका देतात. आपण होऊन जाऊन बसायचं नसतं, कुणीतरी बसवावं लागतं. अम्मा या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला त्याच फळीवर बसवलं होतं. माझ्या लग्नात मला बसवलं. आणि वर्षातून एकदा, नवरात्रात, ती फळी साखळ्यांवरून उतरायची, कारण कोलुच्या बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांतली सर्वांत वरची पायरी तिचीच व्हायची. नवरात्र संपलं की परत वर. ते दिवस अम्मा घरभर चुकल्यासारखी हिंडायची. बसायला जागाच नसायची तिला.

या कोलुतच मी घर सजवायला शिकले, असं मी पुढे पुण्यात मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. कोलुत दर वर्षी एक तरी नवीन बाहुली आणायची रीत आहे. अम्मा एकच आणायची, पण ती आणण्यासाठी आम्हाला बाजारात किती हेलपाटे पडायचे! बाहुली हातात घ्यायची, फिरवून बघायची, खाली ठेवायची, घरी यायचं, पायऱ्यांकडे बघत बसायचं, परत जायचं. "पहिलें जागा बघायची. मागनं वस्तु," ती म्हणायची. विकणारा वैतागायचा. मीही वैतागायचे. पण तिने आणलेली बाहुली एकदा पायरीवर बसली की ती वर्षानुवर्षं तिथेच होती असं वाटायचं.

पुण्यात आमचा फ्लॅट झाला तेव्हा मी हेच करायचं ठरवलं. आजूबाजूला सगळे हप्त्यावर घर भरत होते. आज सोफासेट, उद्या फ्रिज, परवा काचेचं शोकेस, आणि शोकेसमध्ये ठेवायला काही नाही म्हणून प्लास्टिकची फळं. मला ते बघून गुदमरायचं. मी हॉल रिकामा ठेवला. एक चटई, एक समई ठेवायची जागा, बस्स. खिडकीतून ऊन कुठवर येतं ते आधी पाहिलं आणि मग पडदे घेतले. एक वेताची खुर्ची पसंत करायला मला अख्खा हिवाळा लागला. श्रीधर म्हणायचा, "अगं, लोक विचारतात, तुम्ही नुकतेच शिफ्ट झालात का?" मी म्हणायचे, विचारू दे. मला या मोकळेपणाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करायचे. अम्मा पहिल्यांदा जेवणाचं विचारायची, मग घराचं. "कूडमांत काय काय आहे गे राजी?" मी अभिमानाने सांगायचे, "कांही नाहीं अम्मा. मोकळं ठेवलंय." मग "सेरी," म्हणजे बरं, असं म्हणून ती विषय बदलायची.

आमच्या गल्लीतल्या कुठल्याही आईने त्या "कांही नाहीं"चा जो अर्थ लावला असता तोच अम्माने लावला. लेक परमुलखात, जावयाची नवी नोकरी, घरात बसायला धड काही नाही, आणि पोरगी मानी म्हणून मागत नाही. बाहुल्यांच्या बाबतीत सावकाशीचं कौतुक असणाऱ्या बाईला लग्न झालेल्या मुलीची रिकामी बैठक मात्र बघवत नव्हती. पुण्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर वस्तू येऊ लागल्या. आधी पितळी कॉफी फिल्टर आला. मग लोणच्याच्या बरण्या, तपकिरी गळ्याच्या. मग देवघरातली मोठी समई. मग कृष्णाचं ते चित्र, सोन्याचा वर्ख लावलेलं, जे लहानपणी ताप आला की माझ्या उशाजवळच्या भिंतीवर टांगायचे.

मला ते सगळं हवंहवंसं वाटत होतं, ही खरी गोष्ट आहे. बाजारात दिसणाऱ्या कुठल्याही वस्तूपेक्षा ते सुंदर होतं आणि माझ्या रिकाम्या हॉलमध्ये ते असं काही शोभायचं की बघणाऱ्याने बघत राहावं. मी प्रत्येक वस्तू आठ-आठ दिवस इकडून तिकडे हलवून पाहायचे, आणि जागा सापडली की समाधानाने हात झटकायचे. तोवर मीही नोकरीला लागले होते, ऑफिसमधल्या मैत्रिणी यायच्या. "एथनिक" हा शब्द तेव्हा नुकताच सगळ्यांच्या तोंडी बसला होता. किती एथनिक ठेवलंयस गं घर, म्हणायच्या. वर्षातून एकदा तंजावूरला गेले की फडताळात बरण्यांच्या तळाचे गोल डाग दिसायचे, भिंतीवर चित्राएवढा उजळ चौकोन दिसायचा. मी बघायचे आणि नजर दुसरीकडे वळवायचे. अम्मा तेवढ्यात विचारायची, "आणि काय हावें तुला?"

एका वर्षी नवरात्र झाल्यावर रघु मुलाखतीसाठी पुण्याला आला. रिक्षातून उतरला तेव्हा त्याच्याबरोबर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं, आणि गोणपाटात साखळ्या. गाडी बदलताना हमालांशी किती भांडावं लागलं ते तो हसत सांगत होता. मी चादर सोडली तर आत ऊंजलाची फळी. "कोलु उतरवलं, पण फळी परत टांगलीच नाहीं अक्का," रघु म्हणाला. "अम्मा म्हणाली, राजीकडं बसायलाच कांही नाहीं. मला काय, मी कोठेंहि बसेन." मी त्याला विचारलं, मग आता ती कुठे बसते? "चेअर आणली एक. प्लास्टिक."

तेव्हाच बूथवर जायला हवं होतं. अम्मा, माझ्याकडे पैसे आहेत, जागा आहे, मी हौसेने हॉल मोकळा ठेवलाय, तुझी फळी परत पाठवते, एवढं बोलायला किती वेळ लागला असता! मी गेलेसुद्धा रविवारी, नेहमीप्रमाणे. अम्माने विचारलं, "पोचलं कां नीट?" मी म्हटलं, "पोचलं. फार छान दिसतंय." आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी पुढचं बोललेच नाही. तिच्या आनंदासाठी बोलले नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले आहे. पण ती फळी मला हवी होती, हे त्याहून खरं आहे.

आता फळी आली, पण टांगणार कुठे? फ्लॅटच्या स्लॅबला तुळई नसते. हूक ठोकायला सोसायटीने परवानगी दिली नाही, वरच्या मजल्यावरच्यांनी तर भांडणच काढलं. मग ती चादरीत गुंडाळलेली फळी दाराआड उभी राहिली. महिने गेले, पुढचं नवरात्रही गेलं. घाई करायची नाही, जागा सापडेल, हे माझं तत्त्व होतंच. दरम्यान घरात केबल आलं, रंगीत टीव्ही आला, त्याला ठेवायला काहीतरी हवं झालं. सोफाही अखेर मी पसंत केला आणि त्याच्यापुढे ठेवायला बाजारातलं एकही टेबल मला पसंत पडेना. एका दिवशी दाराआडच्या फळीकडे बघता बघता सगळं जुळलं. सुताराला बोलावलं. "मधोमध कापू?" त्याने विचारलं. मी टेपने मापून स्वतः पेन्सिलने रेघ मारून दिली.

एका तुकड्याला बुटके पाय लावून त्यावर काच टाकली, सेंटर टेबल झालं. दुसऱ्यावर टीव्ही बसला. साखळ्या घासूनपुसून बाल्कनीत टांगल्या आणि त्यांना मनीप्लांटच्या कुंड्या अडकवल्या. इतकं सुरेख दिसत होतं ते सगळं! त्या संध्याकाळी मी सोफ्यावर बसून कितीतरी वेळ नुसतं बघत राहिले. जागा सापडली, असं वाटलं. मनाला कुठे टोचलं नाही. आज याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

अम्मा पुण्याला एकदाच आली. प्रवास तिला झेपत नव्हता, पण मला दिवस गेले होते आणि तिला राहवलं नाही. अप्पा घर सांभाळायला मागे राहिले, रघु तिला सोडून गेला. ती आल्याचं कळून दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीतल्या दोघी-तिघी तिला भेटायला आल्या. त्या सोफ्यावर बसल्या होत्या, मी चहा ओतत होते. अम्मा देवघरातून बाहेर आली, सगळ्यांना बघून हसली, आणि घरात शिरलेलं माणूस आपल्या जागी जाऊन बसावं तशी सरळ येऊन त्या टेबलावर बसायला वाकली. माझ्या तोंडून ओरडल्यासारखं निघालं, "अम्मा, त्याच्यावर नको! काच आहे!"

ती सरळ झाली. एक बाई घाईने उठून तिला सोफ्यावर जागा करून देऊ लागली. दुसरी म्हणाली, "किती वेगळा पीस आहे हो हा, कुठून घेतलात?" मी म्हटलं, "माहेरचा आहे." अम्माला पुण्याचं तेवढं मराठी कळत होतंच. ती सोफ्याच्या कडेला बसली आणि बायका जाईपर्यंत हसत राहिली. त्या गेल्यावर तिने काचेखालून हात घालून फळीची कड चाचपली. एका बाजूला कड्यांची भोकं हाताला लागली, दुसऱ्या बाजूला काही लागलं नाही. तिने टीव्हीकडे पाहिलं, टीव्हीखालच्या लाकडाकडे पाहिलं.

"दोन केलांस," ती म्हणाली.

"जागा नव्हती, अम्मा."

"आमा," ती म्हणाली. होकारासाठी आम्ही हा तमिळ शब्दच वापरतो. "आमा, जागा कोठें आहे." मग उठून खिडकीशी गेली, सोफ्यावर हात फिरवला, बाल्कनीतल्या साखळ्या पाहिल्या, स्वयंपाकघर पुन्हा एकदा पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमगत गेलं. लेकीकडे सगळं आहे आणि पहिल्यापासून होतं, हे तिला त्या फेरीत कळलं असावं. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता रागवेल. रागवायला तिला झोपाळा लागायचा. ती म्हणाली, "घर बरें लावलांस राजी. मला भीति वाटत होती." आणि कॉफीचं पाणी ठेवायला गेली.

तंजावूरहून निघालेल्या आपल्या लोकांनो, तुमच्या बंगळूरच्या, शारजाच्या, न्यूजर्सीच्या हॉलमध्येही एखादी समई असेल, एखादं वर्खाचं चित्र असेल. ती कुठल्या भिंतीवरून उतरली तेही तुम्हाला आठवत असेल. मी कुणाला शिकवायला निघालेले नाही, माझं तोंडच नाही. अम्माला तर हे वाचताही येणार नाही. तिला तमिळ अक्षरंच येतात, आणि ही लिपी मीसुद्धा पुण्यात दुकानांच्या पाट्या वाचत पक्की केली. तिला न कळणाऱ्या अक्षरांत तिची माफी मागणं तसं सोयीचंच आहे.

बाळंतपण झाल्यावर मी काच काढून टाकली. टीव्ही लोखंडी स्टँडवर गेला. दोन्ही तुकडे आज एकाला एक लावून खिडकीखाली ठेवले आहेत आणि त्यावर मी काहीही ठेवू देत नाही. मधली फट दिसतेच. साखळ्या काढून तंजावूरला घेऊन गेले. अम्माने चिंच लावून लखलखीत घासल्या आणि ट्रंकेत ठेवून दिल्या. मी म्हटलं, मी नवी फळी करून घेते, सागाचीच, तशीच लांब, एकाच झाडाची. रघुही म्हणाला, अप्पाही म्हणाले. ती ऐकेना. गुडघे दुखतात म्हणाली, चक्कर येते म्हणाली. मी फारच मागे लागले तेव्हा शेंगा सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "नव्या फळीवर मला कोण बसवणार गे? बसवणाऱ्या सगळ्या गेल्या."

माझ्या हाताने मी तिला बसवू शकत नाही. मोठ्यांनी धाकट्यांना बसवायचं असतं, उलटं होत नाही.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला पुण्याचा तो हॉल आठवत नाही, इतका विचार करून, इतका वेळ घेऊन लावलेला. अजून कुणी आलं की कौतुक करतात, आणि मी कपाट उघडून काहीतरी शोधल्यासारखं करते. मला आठवतं ते कूडम. दर वर्षी मी जाते. अप्पा बाहेर ओट्यावर पेपर वाचत असतात. तुळईला कड्या तशाच आहेत आणि त्यांच्या बरोबर खाली अम्माने ती प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. भिंतीशी नाही, पंख्याखाली नाही, तिथेच. मी तिच्यासमोर जमिनीवर बसते. ती शेंगा सोलत गल्लीतल्या गोष्टी सांगते, कुणाचं लग्न ठरलं, कोण परदेशी गेलं. बोलण्याच्या भरात तिचा उजवा पाय पुढे येतो, अंगठा त्या फिकट डागावर टेकतो, आणि ती हलकासा रेटा देते. खुर्ची जागची हलत नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा रेटा देते.